टेबलावर राहून गेलेली ऑर्डर

नमस्कार, श्रोतेहो.

नेमणुकीची ऑर्डर निघणं आणि ती हातात पडणं यात किती अंतर असतं, ते आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. साहेबांची सही झालेली असते, गोल शिक्का बसलेला असतो, आणि जावक क्रमांक तेवढा पडायचा राहिलेला असतो. माझ्या मोठ्या बहिणीला नोकरी लागली तेव्हा तिची ऑर्डर एका कार्यालयात तीन आठवडे पडून होती. रोज डबा घेऊन ती जायची आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. खिडकीतून तिला तो कागद दिसायचा, पेपरवेटखाली, वर तिचं नाव टाईप केलेलं. पण हातात ऑर्डर नाही म्हणजे रुजू होता येत नाही.

आज बोलायचं आहे अमेरिकेच्या राज्यघटनेविषयी. आणि मला ते अशाच एका टेबलावर राहून गेलेल्या ऑर्डरीपासून सांगायचं आहे, कारण ती ऑर्डर वेळेवर पोचली असती तर अमेरिकेतलं सर्वोच्च न्यायालय आज जे आहे ते कदाचित झालं नसतं.

त्याआधी घटनेची बैठक थोडक्यात सांगतो. 1787 चा उन्हाळा, फिलाडेल्फिया शहर. तिथे जमलेल्या प्रतिनिधींनी चार महिने बंद दाराआड वाद घातला आणि 17 सप्टेंबरला 39 जणांनी मसुद्यावर सह्या केल्या. सगळी मिळून सात कलमं. पहिलं कलम काँग्रेसचं, म्हणजे कायदे करणाऱ्यांचं. दुसरं राष्ट्राध्यक्षांचं. तिसरं न्यायालयांचं. तिजोरी काँग्रेसकडे, फौज राष्ट्राध्यक्षांकडे. काँग्रेसनं केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष परत पाठवू शकतात, आणि दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला तर त्यांच्या सहीवाचूनही तो लागू होतो. न्यायाधीश निवडायचा राष्ट्राध्यक्षांनी, संमती द्यायची सिनेटनं, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहानं, आणि एकदा नेमला की वर्तन चांगलं असेतो तो तहहयात. एकाचा हात दुसऱ्यानं धरून ठेवायचा, अशी ती बांधणी.

न्यायालयाकडे काय? मसुद्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, अलेक्झांडर हॅमिल्टन, यांनी 1788 मध्येच लिहून ठेवलं होतं की न्यायालयाच्या हाती ना तलवार, ना तिजोरी. त्याच्याकडे फक्त निवाडा. आणि घटनेत एक गोष्ट स्पष्ट लिहिलेलीच नव्हती. काँग्रेसनं घटनेच्या विरुद्ध जाणारा कायदा केला, तर तो रद्द ठरवायचा कोणी? श्रोतेहो, एवढं ध्यानात ठेवा. हे लिहिलेलं नव्हतं.

आता गोष्ट. 1800 सालची निवडणूक तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स हरले. जिंकले थॉमस जेफरसन. दोघे एके काळचे स्नेही, पण आता विरुद्ध पक्षांत. निवडणूक झाली तरी अॅडम्स यांच्या हातात 4 मार्च 1801 पर्यंत सत्ता होती. जाता जाता त्यांच्या पक्षाच्या काँग्रेसनं न्यायाधीशांची नवी पदं निर्माण केली. शिवाय राजधानीच्या जिल्ह्यासाठी 42 स्थानिक दंडाधिकारी नेमायचे ठरले. किरकोळ तंटे ऐकणारा माणूस, मुदत पाच वर्षं, एवढंच ते पद. अॅडम्स यांनी नावं पाठवली. सिनेटनं 3 मार्चला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी, त्यांना संमती दिली.

त्या संध्याकाळी सह्या चालल्या होत्या. राष्ट्राध्यक्षांची सही झाली की कागद परराष्ट्रमंत्र्यांकडे जायचा, कारण देशाची मोठी मोहोर त्यांच्या ताब्यात. ते ती कागदावर उमटवायचे. हे परराष्ट्रमंत्री होते जॉन मार्शल. आणि हेच मार्शल महिनाभरापूर्वी सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही झाले होते. दोन्ही खुर्च्या एकाच माणसाकडे! त्यांनी मोहोर उमटवली, पण सगळी पत्रं वाटायला सवड झाली नाही. पोटोमॅक नदीपलीकडच्या अलेक्झांड्रिया गावची काही पत्रं त्यांचे भाऊ जेम्स मार्शल न्यायला आले. गठ्ठा उचलून पाहिला, सगळी एका वेळी नेणं त्यांना जमेना. म्हणून त्यांनी काही पत्रं परत ठेवली आणि पोचपावतीवरची तेवढी नावं खोडली.

सही झाली होती, मोहोर बसली होती, पत्र हातात पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता अॅडम्स घोडागाडीतून राजधानी सोडून निघून गेले. जेफरसन यांच्या शपथविधीला ते थांबले नाहीत. मला ही गोष्ट फार लागते. इतका मोठा माणूस, स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचलेला, आणि सत्ता शांतपणे सोडून जाण्याचं मोठं काम केलेला. त्यानं अंधारात जायला नको होतं. आपल्याकडे सरपंचपदाला पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी निवडून आलेल्याच्या घरी हार घेऊन जातो, अशी गावं मी पाहिली आहेत. त्या एका हारानं गावाची पुढची पाच वर्षं सुखाची जातात. असो.

जेफरसन यांना शपथ दिली ती मुख्य न्यायाधीश मार्शल यांनीच. दोघे दूरचे नातेवाईक होते आणि एकमेकांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. शपथ झाली, नवे राष्ट्राध्यक्ष परराष्ट्र खात्याच्या कचेरीत आले आणि टेबलावर त्यांना ती पत्रं दिसली. त्यांनी सांगितलं, वाटायची नाहीत.

राहिलेल्यांत एक नाव होतं विल्यम मार्बरी. जॉर्जटाउनमधला सधन व्यापारी. ते आणि आणखी तिघे डिसेंबर 1801 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. मागणी एकच: नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांना आमची पत्रं द्यायला लावा. अशा आदेशाला कायद्याच्या भाषेत परमादेश म्हणतात, मॅन्डॅमस. आणि मॅडिसन कोण, तर फिलाडेल्फियात ज्यांनी घटनेचा सगळ्यात जास्त विचार केला, तेच. पत्रं अडवली गेली तेव्हा तर ते राजधानीत पोचलेही नव्हते.

नव्या काँग्रेसनं न्यायालयाची 1802 सालची अधिवेशनंच रद्द केली. चौदा महिने सर्वोच्च न्यायालय बसलंच नाही. फेब्रुवारी 1803 मध्ये सुनावणी झाली तेव्हा मॅडिसन यांच्या बाजूनं कोणी वकीलसुद्धा आला नाही. खात्याचे कारकून साक्षीला आले ते नाइलाजानं. ती पत्रं तयार झाली होती एवढं सिद्ध करणंच अवघड होऊन बसलं. तेव्हा एक शपथपत्र वाचलं गेलं, जेम्स मार्शल यांचं. गठ्ठा कसा नेता आला नाही, नावं कशी खोडली, ते सगळं त्यात होतं. आणि ऐकायला वर बसले होते त्यांचे थोरले भाऊ, ज्यांनी ती मोहोर स्वतः उमटवली होती. आजचा न्यायाधीश अशा खटल्यातून स्वतःहून बाजूला होईल, आणि त्यानं व्हायलाच हवं. मार्शल झाले नाहीत.

त्यांच्यापुढचा पेच पाहा. पत्र द्या म्हणून आदेश काढला, तर जेफरसन तो जुमानणार नाहीत आणि न्यायालयाचं हसं होईल. मार्बरी यांना नुसतं परत पाठवलं, तर न्यायालय घाबरलं असं दिसेल.

24 फेब्रुवारी 1803 ला मार्शल यांनी निकाल वाचला. तीन प्रश्न घेतले. मार्बरी यांना पत्राचा हक्क आहे का? आहे. सही झाली, मोहोर बसली, तिथेच नेमणूक पुरी झाली. पत्र हातात देणं हा पुढचा उपचार. दुसरा प्रश्न, हक्क डावलला तर कायद्यात त्यावर उपाय आहे का? आहे, राष्ट्राध्यक्षांचा मंत्री असला म्हणून तो कायद्यापेक्षा मोठा नाही. आणि तिसरा प्रश्न, तो उपाय या न्यायालयानं द्यायचा का? नाही!

का नाही? 1789 च्या एका कायद्यानं काँग्रेसनं सर्वोच्च न्यायालयाला असा परमादेश काढायचा अधिकार दिला होता. पण कोणते खटले थेट सर्वोच्च न्यायालयात सुरू होऊ शकतात ते घटनेच्या तिसऱ्या कलमानं बांधून दिलंय: परदेशी राजदूत, वकिलाती यांचे, आणि ज्यात एखादं राज्य पक्षकार आहे असे. त्यात मार्बरी बसत नाहीत. म्हणजे कायदा एक म्हणतो आणि घटना दुसरं. मार्शल म्हणाले, कायदा काय आहे हे सांगणं हे न्यायालयाचंच काम आणि कर्तव्य आहे. कायदा आणि घटना समोरासमोर आली तर घटना वर, आणि तो कायदा रद्द.

पुन्हा सांगतो, कारण सगळं यात आहे. न्यायालयानं स्वतःचा एक छोटा अधिकार सोडला, आणि तो सोडताना काँग्रेसचा कायदा घटनेवर घासून पाहायचा मोठा अधिकार आपल्याकडे घेतला. जेफरसन यांना धुडकावायला आदेशच उरला नाही.

हा अधिकार पुढे भयंकर चुकीच्या रीतीनंही वापरला गेला. काँग्रेसचा कायदा यानंतर न्यायालयानं रद्द केला तो थेट 1857 मध्ये, ड्रेड स्कॉट या गुलाम माणसाच्या खटल्यात. आफ्रिकी वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असं त्या निकालात म्हटलं गेलं. ते पुसायला यादवी युद्ध लढावं लागलं, तेराव्या आणि चौदाव्या दुरुस्त्या कराव्या लागल्या. न्यायालयं आपोआप न्यायी असतात असं मानणाऱ्यांनी 1857 विसरू नये.

आपल्या घटनाकारांनी हा प्रश्न मोघम ठेवला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते, अमेरिकेची घटना त्यांना चांगली ठाऊक होती. आपल्या घटनेच्या तेराव्या अनुच्छेदात सरळ लिहिलंय की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानांत उद्देशिका छापलेली असते. माझं म्हणणं, वर्गात प्रतिज्ञेबरोबर हा एक अनुच्छेदही मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यावा. दोन मिनिटं लागतात.

मार्बरी यांना ते पद कधीच मिळालं नाही. 1835 मध्ये ते वारले, आणि त्याच वर्षी मार्शलही गेले, मुख्य न्यायाधीशपदावर 34 वर्षं काढून. जॉर्जटाउनमधल्या मार्बरींच्या घरात आता युक्रेनची वकिलात आहे. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जिथे जेवायला बसतात, तिथे मार्बरी आणि मॅडिसन यांची चित्रं लावलेली आहेत, शेजारी शेजारी.

नमस्कार.