पोराची पाठ बघितलीसा काय?

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि रविवार सकाळची मिसळ सोडून इथं आलेल्या सगळ्यांना नमस्कार. सोडून आलात की खाऊन आलात, हे विचारत नाही. पुढच्या रांगेतून वास येतोय.

पत्रिकेवर विषय छापलाय 'खांद्याच्या नसा आणि एमआरआय'. मी लिहून दिलं होतं 'मज्जातंतू'. छापून आलं 'नसा'. आधी चिडलो, मग म्हटलं, असू दे. आपल्याकडं सलाईन लावतात तीही नस, मान अवघडली की 'नस चढली', पोटरीत गोळा आला की 'शिरेवर शीर'. माझ्याकडं येणारे निम्मे लोक दारातूनच सांगतात, 'डॉक्टर, नस दबलीया.' मग मी कशाला उरलो? आज बोलायचंय ते मणक्यातून निघून स्नायूला हुकूम पोचवणाऱ्या नसांबद्दल. रक्ताच्या नव्हे. एवढं ठरलं की पुढं जाऊ.

पुढं म्हणजे मागं जाऊ. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका तालमीतला पोरगा, विशीतला, उजव्या हातात ताकद कमी म्हणून आला. चिठ्ठीवर दोनच ओळी: 'उजवा हात अशक्त. मानेचा एमआरआय.' मी मानेचा केला. पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी जराशी बाहेर आलेली दिसली, तसं लिहून दिलं. पैलवानाची मान, त्यात गादी सरकलेली नसेल तरच नवल. या सभागृहातल्या चाळिशीपुढच्या लोकांच्या माना तपासल्या तर बऱ्याच जणांत तेच सापडेल, आणि तुम्ही मजेत मिसळ खाऊन आलाय. रिपोर्ट खोटा नव्हता. खरा होता आणि निरुपयोगी होता. पोरगं दोन महिने गळ्यात पट्टा घालून बसलं.

मग एक दिवस त्याचे वस्ताद स्वतः आले. डोक्याला फेटा, कान मोडलेले, हातात माझीच फिल्म. म्हणाले, 'डॉक्टर, फोटो लई झ्याक काढलायसा. पर पोराची पाठ बघितलीसा काय?' आणि पोराला म्हणाले, 'काढ रं अंगरखा.'

डाव्या खवाट्यावर मांस भरलेलं, तेल लावल्यासारखं. उजव्या खवाट्याच्या हाडाची जी आडवी धार लागते ना हाताला, तिच्या खाली खड्डा. वाटीभर तेल ओतलं असतं तर राहिलं असतं. वर मात्र स्नायू भरलेला. वस्तादांनी त्यात अंगठा दाबला आणि माझ्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत. त्या अंगठ्यानं मला जे शिकवलं ते एमडीला कुणी शिकवलं नव्हतं.

(शाहू महाराजांनी रोमचा आखाडा बघितला आणि १९१२ साली आपल्याला खासबाग मैदान मिळालं, हे तुम्ही मला सांगू नका, मी तुम्हाला सांगत नाही. पण तिथं कडेला बसून पाठी बघणाऱ्या म्हाताऱ्यांना माझ्या खुर्चीत एक दिवस बसवायला पाहिजे.)

आता सगळ्यांनी एक करा. लाजू नका. कोपर बरगडीला चिकटवा, काटकोनात. पंजा बाहेर ढकला, दुसऱ्या हातानं अडवा. जो स्नायू काम करतोय तो इन्फ्रास्पायनेटस, पोराच्या पाठीवर खड्डा पडला होता त्या जागचा. त्याला हुकूम देते ती सुप्रास्कॅप्युलर नस. मानेतल्या पाचव्या-सहाव्या मुळापासून येते, खवाट्याच्या वरच्या काठाला एक खाच आहे, तिच्यातून लिगामेंटच्या पट्ट्याखालून सरकते, वरच्या सुप्रास्पायनेटसला फांदी देते, मग दुसऱ्या खाचेतून वळसा घालून खाली उतरते. वरच्या खाचेत दबली तर दोन्ही स्नायू जातात. खालच्या खाचेत दबली तर फक्त खालचा. कातडीशी तिचं जवळपास देणंघेणं नाही, म्हणून मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नाही, कधीकधी दुखतही नाही. गुपचूप वाळते.

खांद्याचा एमआरआय केला. खोबणीच्या काठाला कुर्चेची गोट असते, लेब्रम म्हणतात, ती मागून फाटलेली. कुस्तीत हात पिरगाळला गेला की फाटते. फटीतून सांध्यातलं पाणी बाहेर झिरपून चिंचोक्याएवढी गाठ झाली होती आणि ती नेमकी खालच्या खाचेत बसली होती. सर्जननी दुर्बिणीतून लेब्रम शिवलं, गाठ मोकळी केली. ताकद सावकाश आली. खड्डा पूर्ण भरला नाही.

चिठ्ठी आली अध्यक्षांची. दहा मिनिटं. मला वाटलं अजून अर्धा तास आहे. बरं, विषयाकडं येतो.

मानेपासून काखेपर्यंतच्या नसांच्या जाळ्याला ब्रॅकिअल प्लेक्सस म्हणतात. पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर, पाच मुख्य फांद्या. आपल्या शहराच्या वाहतूक आराखड्यापेक्षा सोपं आहे, कारण हे बदलत नाही. नस काही मिलिमीटर जाड, भोवती चरबी, खाली श्वासानं हलणारं फुफ्फुस, शेजारी उडणाऱ्या रक्तवाहिन्या. चरबी फोटोत पांढरी, सुजलेली नसही पांढरी. रश्श्यावरचा तवंग बाजूला केल्याशिवाय खालचं मटण दिसत नाही, तसं चरबीचा सिग्नल दाबावा लागतो. फुफ्फुसाच्या हवेमुळं तिथं चुंबकक्षेत्र वाकडं होतं आणि नेहमीची पद्धत फसते, म्हणून स्टर नावाचा सीक्वेन्स, म्हणजे फोटो काढायची एक वेगळी रीत, वापरतो. नसेचाच वेगळा फोटो काढायचा, न्यूरोग्राफी, ही कल्पना १९९३ च्या सुमारास रुजली. चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात; दीड टेस्लावरही जमतं, तीनवर जास्त स्पष्ट.

पण माझा हट्ट वेगळा आहे. नस दिसो न दिसो, आधी स्नायू बघा. हुकूम तुटला की काही दिवसांत स्नायू स्टरवर चमकायला लागतो. सुईच्या तपासणीत, ईएमजीत, बदल दिसायला दोन-तीन आठवडे जातात. महिने गेले की स्नायूत चरबी शिरते, ती टी-वन नावाच्या दुसऱ्या सीक्वेन्सवर दिसते, आणि ती परत जात नाही. कुठले स्नायू चमकतायत यावरून नस कुठली ते कळतं. डेल्टॉइड आणि टेरिस मायनर? ॲक्सिलरी नस, खांदा निखळला होता का विचारा. एका नसेत न बसणारे स्नायू, आणि आधी रात्र काढू न देणारी कळ, ती ओसरल्यावर हात लुळा? १९४८ साली पार्सोनेज आणि टर्नर यांनी १३६ रुग्णांवरून मांडलेला आजार. त्यात चुकून मानेचं ऑपरेशन होऊ नये. मोटारसायकलवरून पडून हात लोंबकळतोय? मुळं मणक्यातूनच उपटली असतील तर तिथं पाण्याची पिशवी दिसते, पण घाईत नको, तीन-चार आठवड्यांनी फोटो नीट येतो. उशीरही नको, नसेची जोडणी सहा महिन्यांच्या आत झालेली बरी. हे मी फार भरभर सांगतोय, माफ करा. डॉक्टर मंडळींना विनंती, चिठ्ठीवर 'खांदा' एवढंच लिहू नका. कधीपासून, कुठली हालचाल जात नाही, कुठं वाळलंय, हे लिहा, म्हणजे कॉइल, अंगावर ठेवायचं सिग्नल पकडणारं वेटोळं, कुठं ठेवायची ते माझ्या टेक्निशियनला कळेल.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. प्रश्न विचारा.

शेवटच्या रांगेत कुणीतरी हात वर केलाय. डावा. उजवा का नाही केला, काका? जात नाही? किती दिवस? ...असं करा, चहा झाला की आतल्या खोलीत या. सदऱ्याची बटणं मी काढतो.