खिडकीतून ढकलण्याचं क्रियापद

[दृश्य: प्रागचा किल्ला. जुन्या कचेरीची खिडकी, आतून.]

ही खिडकी. 23 मे 1618. चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी कॅथलिक सम्राटाचे दोन कारभारी, स्लावाता आणि मार्टिनिट्स, इथून खाली फेकले. स्लावाता चौकटीला लोंबकळला, तर त्याच्या बोटांवर तलवारीची मूठ हाणली. पाठोपाठ चिटणीस फाब्रित्सियुसही गेला.

खाली सुमारे 20 मीटर. तरी तिघेही वाचले! मेरीमातेनं झेललं, असं कॅथलिक म्हणाले. विरोधकांनी श्रेय उकिरड्याला दिलं. चिटणीसाला पुढे सरदारकी मिळाली आणि सोबत नाव, 'फॉन होहेनफाल'. आपल्याकडे असता तर 'उंचपडकर' झाला असता. या प्रकारातून पेटलेल्या युद्धात युरोप मात्र तीस वर्षं लढत राहिला.

[दृश्य: कोऱ्या कागदावर उमटणारी अक्षरं.]

या प्रकाराला इंग्रजीत एक ऐटदार क्रियापद आहे, डिफेनेस्ट्रेट. लॅटिन 'दे', म्हणजे बाहेर, खाली. 'फेनेस्त्रा', म्हणजे खिडकी. शब्द लॅटिन मातीचा, पण घडवला नंतरच्या पंडितांनी.

जर्मन माणूस म्हणतो 'फेन्स्टरश्टुर्त्स', खिडकीतून पडणं. गंमत म्हणजे तिथला गवंडीही हाच शब्द वापरतो, पण खिडकीवरच्या लिंटेलसाठी!

इटलीत आणि स्पेनमध्ये या क्रियापदाला खिडकीचीही गरज उरलेली नाही. पक्षाध्यक्षाला पदावरून हाकललं, की वर्तमानपत्रं लिहितात, 'देफेनेस्त्रार' केलं. आपण म्हणतो, नारळ दिला.

आणि खुद्द खिडकी? इंग्रजी 'विंडो' आली व्हायकिंगांच्या 'विंदआउगा'वरून, वाऱ्याचा डोळा. काच नसलेलं, वारा आत घेणारं भोक. रशियन 'अक्नो'तही डोळाच दडलाय. आणि आपलं 'गवाक्ष'? बैलाचा डोळा.

[दृश्य: गोव्यातलं जुनं घर. शिंपल्यांच्या चकत्या बसवलेली झडप, त्यातून झिरपणारा दुधी उजेड.]

गोव्यात हिला 'जनेल' म्हणतात. पोर्तुगीज 'जनेला', मूळ अर्थ छोटं दार. लिस्बनमध्ये 1 डिसेंबर 1640 रोजी स्पेनच्या राजाचा मंत्री वास्कोन्सेलुश याला गोळ्या घालून राजवाड्याच्या अशाच जनेलातून चौकात फेकलं. पोर्तुगीज क्रियापद मात्र 'देफेनेश्त्रार'च. 'फेनेस्त्रा' त्यांच्याकडेही होती, पण बोलता बोलता झिजून तिची 'फ्रेश्ता' झाली. फ्रेश्ता म्हणजे फट. तिच्यातून बोटही धड जात नाही.