गळती शोधायची पावसात, बुजवायची उन्हात

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढाची झड लागली की कोकणातल्या कितीतरी घरांत माजघरात एक बादली आणि पडवीत एक पातेलं मांडलेलं दिसतं. पाऊस ओसरू दे, मग बघू, असं म्हणत दिवस जातात. पाऊस ओसरतो, घर सुकतं, आणि मे महिन्यात आपण मिस्त्रीला सांगतो, "इथं कुठंतरी गळतं बघा." या 'कुठंतरी'पायीच पैसे फुकट जातात. म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, गळती बुजवायची ती उन्हात, पण शोधायची आत्ता, पाऊस पडत असताना.

थेंब जिथं पडतो, बरोबर त्याच्याच वर भोक आहे असं धरून चालू नका. कौलाखाली शिरलेलं पाणी रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवर येतं, रिपेवरून वाशावर उतरतं आणि वाशाच्या पोटाला धरून खाली सरकत राहतं. वाटेत एखादी गाठ किंवा खिळा आला की तिथं थेंब सुटतो. पाणी घुसलेली जागा कित्येकदा चार-पाच हात वर, आढ्याच्या बाजूला असते. पाऊस चालू असताना बॅटरी घेऊन माळ्यावर जा. उजेड वाशावर तिरपा टाका, म्हणजे ओघळ चकाकतो. त्याचा माग काढत वर जा आणि तो सुरू होतो तिथल्या रिपेला सुतळीचा तुकडा बांधून ठेवा. खडूची खूण ओल्या लाकडावर टिकत नाही. ऊन पडेल त्या दिवशी भरदुपारी पुन्हा माळ्यावर जा, झडपा लावून अंधार करा आणि डोळे सरावू द्या. सरकलेल्या कौलांच्या फटी उजेडानं आपोआप दिसतात.

मंगलोरी कौल आपल्याकडे इतकं रुळलंय की ते इथलंच वाटतं. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं 1865 साली या कौलांचा कारखाना काढला. त्यातली खुबी आहे ती खोबणीत. शेजारची दोन कौलं एकमेकांत अडकतात आणि सांध्यात शिरलेलं पाणी त्या खोबणीतून खालच्या कौलावर जातं. खोबण पातेऱ्यानं, म्हणजे वाळक्या पानांनी, किंवा शेवाळानं भरली की पाण्याला वाट राहत नाही, ते काठावरून आत उतरतं. म्हणजे एकही कौल न फुटता घर गळतं. आंब्या-फणसाच्या सावलीतल्या घरांचं हेच दुखणं असतं. तिथं कौलं बदलण्याआधी ती उतरवून घासा, खोबणी मोकळ्या करा. निम्मं काम तिथंच होतं.

कौल उतरवलं की बोटाच्या पेरानं वाजवून बघा. धड कौल खणखणीत वाजतं. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. बदलायचं कौल मात्र कुठलंही चालत नाही. मागच्या बाजूला कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते वाचा. प्रत्येक साच्याची खोबण थोडी वेगळी असते, आणि परक्या साच्याचं कौल बसवलं की ते एका बाजूनं उचललेलं राहतं. बरेच जुने कारखाने आता बंद पडलेत. त्यामुळे आसपास जुनं घर उतरवत असतील तर आपल्या साच्याची पाच-पंचवीस कौलं आणून गोठ्यात रचून ठेवा. आतून फळ्या मारलेल्या नसतील, तर एखाददुसरं कौल खालूनही बदलता येतं. दांडक्यानं वरच्या ओळीतली कौलं हलकेच उचलून धरायची आणि फुटकं सरकवून काढायचं. शेवाळलेल्या छपरावर भर पावसात चढू नका. नारळीवर सरसर चढणारी माणसंही कौलांवरून घसरलेली आहेत.

एक गळती मात्र कौलं बदलून कधीच थांबत नाही. मूळ घराचा उतार चांगला असतो, पण पुढं पडवी वाढवली जाते. डोक्याला लागू नये म्हणून तिचे वासे आडवे-आडवे टाकले जातात. मग नैऋत्येच्या वाऱ्यानं पाणी कौलाखाली उलटं चढतं. तिथं उतार वाढवणं किंवा कौलांखाली पत्रा घालणं एवढाच उपाय आहे.

स्लॅबच्या घरात माग काढणं जास्त अवघड. कोबा, म्हणजे स्लॅबवर पाणी अडवायला घातलेला थर, आणि स्लॅब यांच्यामधून पाणी लांबवर पसरतं आणि पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याच्या पेटीतून टपकतं, कारण वायरिंगची नळी ही त्याला आयती वाट असते. म्हणून आधी वेळ लिहून ठेवा. पाऊस सुरू होताच टपकत असेल तर चीर आरपार आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी टपकतंय, तर कोब्यात पाणी साठलंय. एप्रिलमध्येही ओल असेल, तर टाकी, पाइप किंवा वरची न्हाणी तपासा.

खात्रीसाठी गच्चीचा एकेक भाग मातीच्या बांधानं अडवून, निचऱ्याचं तोंड बंद करून दीड-दोन इंच पाणी 24 तास ठेवतात. 2 इंच पाण्याचं वजन चौरस मीटरला 50 किलो होतं, म्हणून ज्या स्लॅबचं प्लास्टर फुगून गंजलेल्या सळ्या दिसताहेत तिथं हा प्रयोग करूच नका, आधी इंजिनीअरला बोलवा.

बहुतेक वेळा दोष निघतो तो निचऱ्याच्या पाइपच्या गळ्याशी, नाहीतर कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात. तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यात मारलेली मालाची गोलाई, सुटलेला असतो. जुना भुसभुशीत माल खरवडून काढा आणि पॉलिमर मिसळलेल्या मालानं वाटा नव्यानं मारा. कठड्यात पिंपळ उगवला असेल तर तो मुळासकट काढा. नुसता छाटला तर पुन्हा फुटतो आणि भेग रुंदावतो. ढाळ शंभरास एक हवा, म्हणजे 10 फुटांना साधारण सव्वा इंच. गळक्या कोब्यावर दुसरा कोबा चढवायला मात्र ठाम नकार द्या. पाणी आतच कोंडतं आणि 4 इंच कोबा चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार टाकतो.

वॉटरप्रूफिंगचा लेप ओल्या गच्चीवर लावला तर फुगे येऊन सुटतो. दोन फूट चौकोनी प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा आणि सकाळी उचला. खाली दव धरलेलं असेल, तर अजून थांबा. दिवाळीनंतर गच्ची चांगली वाळते, मिस्त्रीही मोकळे असतात. मे महिन्याची घाई कशाला?

पत्र्याच्या घरांत बोल्टखालचे वॉशर बघा, नळीदार पत्र्याला भोक नेहमी उंचवट्यावर पाडा. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही सरळ पाय देऊ नका, तो एकदम तुटतो. त्याला कापू-घासूही नका, बऱ्याच जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

आणि दिव्याच्या किंवा पंख्याच्या जागी पाणी टपकत असेल, तर बादली ठेवण्याआधी मेन स्विच बंद करा. वायरमननं तपासल्याशिवाय तो लावू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

नमस्कार.