सांधा ओढणारा हात आणि बसवणारा हात

मित्रहो, तालमीच्या या अंगणात उभे राहिले की एक आठवण हटकून येते. नऊ-दहा वर्षांचा असताना माझा खांदा निखळला, तेव्हा वडिलांनी मला दवाखान्यात न नेता थेट वस्तादांकडे नेले. "शाळेत मास्तर कोण रे तुला?" असे त्यांनी विचारले आणि मी नाव सांगत असतानाच दंड धरून असा हिसका दिला, की माझे रडणे सुरू होण्याआधीच सांधा जागेवर बसला होता. आज डॉक्टर म्हणून ही रीत मी कुणाला सुचवणार नाही, कारण आत हाड मोडलेले असेल तर अशा हिसक्याने नस कायमची दुखावू शकते. पण डाव टाकणारा माणूसच हाडही बसवतो, यात तेव्हा कुणालाच नवल वाटले नव्हते.

जपानमध्ये हे नाते थेट कायद्यात उतरले. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येचे गुरू पूर्वीपासून हाडे बसवत असत. त्याच विद्येतून जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्यूदो उभा केला आणि १९२० मध्ये सरकारने या उपचारांना मान्यता दिली. आजही तिथे सरकारी परीक्षा देऊन हाडवैद्यकीचा परवाना घेता येतो आणि त्या व्यवसायाच्या नावातच 'ज्यूदो' हा शब्द आहे.

जपानी ज्यूदोपटू सारा आसाहिना यांची वाटचाल मला या पार्श्वभूमीवर पाहावीशी वाटते. ज्यूदो म्हणजे अंगरखा धरून खेळायची कुस्तीच, आणि त्या ७८ किलोंवरील गटात खेळणाऱ्या. वडील डॉक्टर, आई दंतवैद्य. २०१८ मध्ये बाकू येथे क्यूबाच्या इदालिस ऑर्तिझ यांना अंतिम लढतीत हरवून त्या जगज्जेत्या झाल्या. टोकियो ऑलिंपिकसाठी मात्र त्यांच्या गटातून अकिरा सोने यांची निवड झाली. (आडनाव सोने आणि तिथे जिंकलेही सोनेच, मराठी माणसाला याचे हसू आल्यावाचून राहत नाही.) आसाहिनांनी २०२० मध्ये दोक्क्यो वैद्यकीय विद्यापीठात प्रवेश घेतला. तोकाई विद्यापीठातले शिक्षण झाल्यावर पुन्हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्या पायरीपासून चढायचा, तोही ऐन उमेदीच्या वयात, हे धाडस मला पदकापेक्षा कमी वाटत नाही. हरल्यावर अभ्यासाकडे वळल्या असे म्हणावे, तर त्यांनी आखाडाही सोडला नव्हता.

ज्यूदोत प्रतिस्पर्ध्याचा हात दोन मांड्यांत धरून कोपर उलट्या दिशेने ताणण्याची एक पकड आहे. समोरच्याने थोपटून हार मानली की पकड तत्काळ सोडायची असते, नाहीतर सांध्याचे बंध तुटतात. हाच सांधा शरीररचनेच्या तासाला पुस्तकात पाहणाऱ्या विद्यार्थिनीला तो किती ताण सोसतो, हे हातांना आधीच ठाऊक असणार.

जून २०२१ मध्ये बुडापेस्टला दुसऱ्या वर्षाची ही विद्यार्थिनी पुन्हा अंतिम लढतीत होती. समोर तिच्याच देशाच्या वाकाबा तोमिता होत्या. झुंजीत तोमितांचा गुडघा दुखावला आणि विजय आसाहिनांच्या पदरी पडला. प्रथेप्रमाणे लवून नमस्कार झाला. मग नव्या जगज्जेतीने वाकून पाठ पुढे केली आणि नुकतीच हरवलेल्या, स्वतःइतक्याच वजनी गटातल्या मुलीला पाठुंगळी घेऊन ती सावकाश मॅटबाहेर चालत गेली.