घर विकणे आहे

नमस्कार श्रोतेहो.

कोथरूडमधलं आमचं घर विकून मुलीजवळ नाशिकला जायचं ठरलं, तेव्हा जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. 33 वर्षं राहिलेलं घर. मी वही घेऊन बसले आणि पाच मिनिटांत लिहून मोकळी झाले : "प्रशस्त, हवेशीर, मोक्याच्या जागी, सर्व सोयींनी युक्त टू बीएचके फ्लॅट विकणे आहे."

ह्यांनी वाचलं आणि विचारलं, "अगं, हे घर कुणाचं?"

तरी तीच जाहिरात गेली. फोन भरपूर आले. पहिल्याच रविवारी एक मुलगा आईला घेऊन आला. आमची इमारत तीन मजली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. त्या माउली कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत वर आल्या आणि दारातल्या खुर्चीवरच बसल्या. मी पाणी दिलं. घर त्यांनी पाहिलंच नाही. निघताना मुलगा म्हणाला, "काकू, लिफ्ट नाही एवढं लिहिलं असतंत तर आईला चढवलं नसतं." आवाज चढवला नाही त्यानं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वही घेऊन मी घरातच फिरले. स्वयंपाकघरात साडेसातला ओट्यावर ऊन येतं, ते दहापर्यंत असतं. नळाला पाणी सकाळी दोन तास, बाकी वेळ टाकीचं. हॉल पश्चिमेला, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी तापतो. पण हॉलच्या खिडकीबरोबर मागची खिडकी उघडली की आरपार वारा वाहतो. मग "हवेशीर" खोडलं आणि त्या दोन खिडक्या समोरासमोर आहेत, असं लिहिलं. हवेशीर तर सगळीच घरं असतात जाहिरातीत! समोरासमोरच्या खिडक्या वाचल्या की माणसाला आपोआप वारा लागतो.

"मोक्याच्या जागी" हेही गेलं. 6 मार्च 2022 रोजी पुण्यात मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून घर बघायला येणारा प्रत्येकजण पहिल्यांदा स्टेशन विचारतो. मी भाजीची पिशवी हातात घेऊन, माझ्या चालीनं, वनाज स्टेशनपर्यंत चालून आले. 12 मिनिटं लागली. तेच लिहिलं. "स्टेशनपासून पाच मिनिटांवर" असं छापून येतं ना, ते कुणाच्या पायांनी मोजलेलं असतं, मला खरंच कळत नाही.

आता क्षेत्रफळ. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त मनं इथेच दुखावतात. आमच्या करारनाम्यात 560 चौरस फूट बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरून, लिहिलंय. आम्ही दोघांनी टेप घेऊन मोजलं, तर कार्पेट 462 भरलं. कार्पेट म्हणजे घरातली वापरायची जमीन : आतल्या भिंतींची जाडी धरायची, बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी आणि गच्चीही त्यात येत नाही. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानं बिल्डरला कार्पेट क्षेत्रफळ सांगणं बंधनकारक केलंय, त्यामुळे घेणाऱ्यांना आता त्याच आकड्याची सवय आहे. आपण आपलं एखादं जुनं घर विकताना महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही, पण म्हणून मोठा आकडा पुढे करावा असं थोडंच आहे? मी दोन्ही आकडे लिहिले, बाल्कनी वेगळी लिहिली. दर कशावर लावलाय तेही सांगितलं.

कागदपत्रांची एक ओळ जरूर घाला. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला आहे, इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा आहे, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला महापालिकेची परवानगी आहे, आणि कन्व्हेयन्स झालेलं आहे, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे. कर्ज काढून घर घेणाऱ्याला ही ओळ संगमरवरी फरशीपेक्षा मोलाची वाटते. नसेल तर "नाही" लिहा.

रीडेव्हलपमेंटचं, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचं काय? आमच्या भागात प्रत्येक जुन्या इमारतीत ती चर्चा चालू आहे. एका एजंटनं सुचवलं, "लवकरच रीडेव्हलपमेंट, असं टाका, भाव चढेल." आमच्या सर्वसाधारण सभेत ठराव झालेला नव्हता, नुसतं बोलणं होतं. कुणीतरी आयुष्यभराची पुंजी त्या एका वाक्यावर लावेल, म्हणून मी ते लिहिलं नाही. आणि "फक्त अमुकांनाच" ही ओळसुद्धा लिहू नका, श्रोतेहो. घर शोधत उन्हातान्हात फिरणाऱ्याला ती किती लागते, हे मी जवळून पाहिलंय.

फ्लॅट नंबर आणि घर कधी बंद असतं, हे तेवढं जाहिरातीत नको.

दुसऱ्या जाहिरातीला फोन कमी आले, पण जे आले ते जिन्याचं माहीत असलेले. एक तरुण जोडपं मुद्दाम सकाळी आठला आलं, ओट्यावरचं ऊन बघायला. तिनं ओट्यावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. टोकन त्याच आठवड्यात झालं.

जाते जाते ती जाहिरात वाचून दाखवते.

"कोथरूड. तिसरा मजला, लिफ्ट नाही. 462 चौरस फूट कार्पेट, बाल्कनी वेगळी. करारनाम्यात 560 बिल्टअप. स्वयंपाकघर पूर्वेला, सकाळी साडेसातपासून ऊन. हॉल पश्चिमेला, उन्हाळ्यात संध्याकाळी तापतो, खिडक्या समोरासमोर. महापालिकेचं पाणी सकाळी दोन तास. वनाज मेट्रो स्टेशन सावकाश चालत 12 मिनिटं. कन्व्हेयन्स झालेलं. सर्व कागद घरी बघायला मिळतील. आम्ही इथे 33 वर्षं राहिलो."

नमस्कार.