दगडावरचा मजकूर

(दृश्य: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं लँकेस्टर, तिथली छोटी दफनभूमी. दगडावरची अक्षरं.)

एकांताची आवड म्हणून मी इथं विसावलेलो नाही, असं हा दगड सांगतो. इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट होती, म्हणून ही जागा निवडली. जन्मभर जी समता मांडली, ती मरणातही दिसावी.

मजकूर ज्याचा त्यानंच लिहून ठेवलेला. थॅडिअस स्टीव्हन्स, वकील, पेनसिल्व्हेनियाचा खासदार.

जन्म १७९२ चा, व्हरमाँटमधल्या डॅनव्हिलचा. एक पाय जन्मतःच वाकडा. बाप घर सोडून गेला, आईनं राबून मुलाला शिकवलं. १८१६ मध्ये त्यानं गेटिसबर्गला वकिली थाटली आणि बघता बघता जम बसवला.

आता १८२१ चा खटला. तो गाळून या माणसाची गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. चॅरिटी बटलर ही मेरीलँडची गुलाम स्त्री. मालकाबरोबर ती पेनसिल्व्हेनियात येऊन-जाऊन राहिलेली. तिथला कायदा म्हणे, गुलामाला सहा महिने राज्यात ठेवलं तर तो मोकळा. चॅरिटीचं म्हणणं, सगळे मुक्काम मिळून सहा महिने भरतात. मालकाच्या वकिलानं मुद्दा काढला: सहा महिने सलग हवेत, तुकड्यांची बेरीज चालणार नाही. कोर्टानं तो मानला. चॅरिटी मुलांसह पुन्हा गुलामीत गेली.

तो वकील स्टीव्हन्स होता.

पुढं त्यानं पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवले. लँकेस्टरच्या त्याच्या घरामागं उत्खननात एक हौद सापडला. पळून आलेल्यांना तिथं लपवत असावेत, असं अभ्यासक मानतात. मला हे सगळं त्या एका निकालाची परतफेड वाटतं. चॅरिटीला मात्र तिचा काही उपयोग नव्हता.

(दृश्य: वॉशिंग्टन, संसद भवन.)

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या काळात सरकारी खर्चाच्या नाड्या स्टीव्हन्सच्या समितीच्या हातात होत्या. जीभ अशी तिखट, की विरोधक वाटेला जायला कचरत. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ मध्ये झाली, तिच्यासाठी तो झटला. आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. स्टीव्हन्सला पत्त्यांच्या जुगाराचा नाद होता; ‘सदाचारी’ हा शब्द ऐकून तो गालात हसला असता.

नुसत्या सुटकेवर त्याचं समाधान नव्हतं. बड्या मळेवाल्यांच्या जमिनी जप्त करून मोकळ्या झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्या, असं तो म्हणे. संसदेनं ऐकलं नाही. नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती १८६६ मध्ये संसदेपुढं आली, तीही त्याला अपुरीच वाटली. मग पाठिंबा का? सभागृहात त्यानं उत्तर दिलं: मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही.

१८६८. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग. पंचाहत्तरी गाठलेला, आजारानं खंगलेला स्टीव्हन्स खुर्चीत बसून सिनेटपर्यंत येई. खुर्ची उचलणाऱ्या पोरांना तो म्हणाल्याचं सांगतात, “तुम्ही मेल्यावर माझं कसं होणार रे?” जॉन्सन एका मतानं वाचला. स्टीव्हन्स त्याच ऑगस्टमध्ये गेला.

(दृश्य: पुन्हा दगड.)

त्यानं लग्न केलं नाही. लिडिया हॅमिल्टन स्मिथ या मिश्रवर्णीय बाईंनी वीस वर्षं त्याचं घर सांभाळलं. दोघांच्या नात्यावर गाव कुजबुजे, वर्तमानपत्रं टोमणे मारत. त्यानं खुलासा करण्याची तसदी घेतली नाही. मृत्युपत्रात मात्र त्यांच्यासाठी रक्कम ठेवली, आणि बाईंनी पुढं त्याचं राहतं घर विकत घेतलं.

१८८४ मध्ये लिडियाबाई गेल्या. त्यांना दुसऱ्या दफनभूमीत पुरलं. जाण्यापूर्वी त्यांनी थोडे पैसे बाजूला काढून ठेवले होते, या दगडाची देखभाल होत राहावी म्हणून.