बसायचं का?

[दृश्य: संध्याकाळ. वाईन शॉपची जाळी.]

साडेसात वाजलेत. जाळीच्या चौकोनातून हात आत जातो, एक बोट दाखवतो. इथे बोलायची पद्धत नाही. क्वार्टर वर्तमानपत्रात गुंडाळली जाते आणि कमरेला खोचली जाते. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. हे चित्रीकरण जुलै 2025 मधलं आहे. महाराष्ट्र सरकारने नुकताच दारूवरचा कर वाढवलाय आणि आता मध्ये एक प्रश्न येतो, तोही हळू आवाजात: "केवढ्याला पडली?"

[दृश्य: काउंटरवरचं परमिटचं पुस्तक.]

हे पुस्तकही बघून घ्या. 1949 चा दारूबंदीचा कायदा राज्यात अजून लागू आहे. इथे प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. कुणी मागत नाही, कुणी फाडून देत नाही. दारूबंदीच्या कायद्याखाली दारू विकून तिजोरी भरायची कसरत आपण पाऊण शतक करतोय.

[दृश्य: टेबलावर दोन बाटल्या, लेबलं जवळून.]

आता या दोन बाटल्या. डावीकडे देशी, संत्रा. उजवीकडे व्हिस्की. सरकारी भाषेत हिचं नाव 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य'. (हे नाव ज्याला सुचलं, त्याने ते शुद्धीत सुचवलं असेल असं धरून चालू.) दोन्ही 180 मिलिलिटर. दोन्ही लेबलांवर अल्कोहोल 42.8 टक्के. म्हणजे चढायची ती सारखीच.

कर मोजायची पट्टी मात्र वेगळी. देशीवर कर प्रूफ लिटरमागे, म्हणजे बाटलीत अल्कोहोल किती त्यावर. 10 जून 2025 च्या मंत्रिमंडळ निर्णयाआधी तो 180 रुपये होता, आता 205. या चपटीपुरतं गणित मांडलं तर वाढ साडेतीन रुपयांच्या आतच येते. व्हिस्कीवरचा कर निर्मितीमूल्याच्या पटीत, आणि ते मूल्य उत्पादकानेच जाहीर केलेलं. लिटरमागे 260 रुपयांपर्यंतच्या मालावर हा कर पूर्वी तिप्पट होता, आता साडेचारपट. समजा क्वार्टरभर माल 20 रुपयांत तयार झाला, तर 60 रुपयांचा कर 90 झाला. त्यावर पुन्हा वाहतूक, दुकानदार, व्हॅट.

[दृश्य: खडूने लिहिलेली दरांची पाटी.]

क्वार्टरचे नवे किमान दर असे: देशी 80, जी पूर्वी साठ-सत्तरला मिळायची. साधी व्हिस्की-रम 205, पूर्वी 115 ते 130. वरच्या दर्जाची विदेशी 360, पूर्वी 210. वर्षाला 14 हजार कोटींचा जादा महसूल, हा हिशेब सरकारने लपवला नाही.

आमचं लक्ष अडकलं ते मधल्या अंतरावर. देशीवरून 'इंग्लिश'वर यायला गवंड्याला, रिक्षावाल्याला पन्नास-साठ रुपये जास्त मोजावे लागायचे. आता सव्वाशे. आणि त्याच निर्णयात, त्याच मोकळ्या जागेत, एक नवी बाटली बसवली आहे: 'महाराष्ट्र मेड लिकर'. धान्यापासून बनवलेली, फक्त राज्यातल्या उत्पादकांची, किमान दर 148. बिअर आणि वाइन यांना हात लावलेला नाही.

दर वाढवून पिणारा थांबवायचा असता, तर त्याच्यासाठी मधली पायरी कशाला बांधली असती?

[दृश्य: परमिट रूमची बंद शटरं, 14 जुलै.]

हा बंदचा दिवस. बार मालकांनी राज्यभर शटर ओढलं. त्यांची तक्रार तिहेरी: परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट पाचचा दहा टक्के झाला, परवाना शुल्क वाढलं, वर मघाचा तो वाढलेला कर, म्हणजे उत्पादन शुल्क.

[दृश्य: नदीचा घाट, मोटारसायकली, प्लास्टिकचे ग्लास.]

गिऱ्हाईक मात्र बंद पडलेलं नाही. "बसायचं का?" या प्रश्नाचं उत्तर पूर्वी टेबल-खुर्ची असायचं, आता बंधारा, गाडीची डिकी, अर्धवट बांधकामाचा जिना. चकण्याला शेंगदाणे घरून. माणशी एक क्वार्टर होती, तिथे दोघांत एक. ती संपली की त्यातला एक उठतो आणि देशीच्या दुकानाकडे जातो. रुमाल तोंडाला, कारण 'इंग्लिश'वाल्याला तिथे कुणी बघायला नको असतं.

[दृश्य: इन्सुली तपासणी नाका, ट्रकची झडती.]

सिंधुदुर्गातला इन्सुलीचा नाका. पलीकडे गोवा, तिथे दारूवरचा कर कमी. जवान ट्रकच्या हौद्यावर हातोडीने ठोकतो आणि कान देतो. पत्रा पोकळ वाजला की थांबतो. दुसऱ्यांदा ठोकतो. मग पत्र्याचे स्क्रू निघतात आणि आत खोक्यांची रांग. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी.' दोन राज्यांच्या करांतलं अंतर जितकं रुंद, तितका हा चोरकप्पा फायद्याचा. त्याच जून महिन्यात उत्पादन शुल्क विभागात 1,223 पदंही मंजूर झाली, ती काही उगाच नाही.

[दृश्य: ओढ्याकाठचे पिंप, काळा गूळ, नवसागर. मग रिकामी गल्ली.]

आणि ज्याला 80 सुद्धा जड, त्याच्यासाठी हे. हातभट्टीचं रसायन. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं विषारी दारूने गेली.

[दृश्य: पुन्हा जाळी. रात्रीचे दहाला पाच कमी.]

शेवटचं गिऱ्हाईक. शर्टाला चुना लागलेला. मुठीतल्या नोटा मोजतो, पुन्हा मोजतो.

"ती 148 वाली आली का?"

"नाही अजून. आली की सांगतो."

तो थोडा वेळ तिथेच उभा राहतो.

"मग निप दे. अर्धी क्वार्टर."